ब्रेक दाबायला माणूस

गाडीतल्या विजेचं काम खरं तर दोघांचं. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून दिवा लागतो का ते बघायचं. आमचा वायरमन मात्र कित्येक वर्षं ते एकट्याने करत आला होता. त्याने एक काठी बेतून घेतली होती. तिचं एक टोक ब्रेकवर टेकवायचं, दुसरं सीटच्या कडेला अडकवायचं, की झालं. गिऱ्हाइकं काठीचं कौतुक करायची आणि वायरमन मान डोलवून ते पदरात पाडून घ्यायचा. ही काठी का करावी लागली, याचा ताकास तूर तो लागू देत नसे.

आधी ब्रेक दाबायला त्याची बायको असायची. दुकानाच्या मागच्या दारापलीकडेच स्वयंपाकघर. हाक मारली की ओले हात पुसत यायची, बसायची, ब्रेक दाबायची. एकदा एका तिरसट गिऱ्हाइकासमोर दिवा काही केल्या लागेना. वायर वायरमननेच चुकीची जोडली होती. पण लोकांसमोर शोभा कशी करून घ्यायची? त्याने खापर तिच्यावर फोडलं. हिला धड ब्रेकसुद्धा दाबता येत नाही, असं म्हणाला, आणि गिऱ्हाईक हसलं. ती गाडीतून उतरली, घरात गेली, आणि त्यानंतर तिने दुकानात पाऊल टाकलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. जेवण वेळेवर, पाहुण्यांसमोर हसूनखेळून. फक्त चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून परत फिरायची. वायरमनला याचं वाईट वाटत होतं, मनापासून वाटत होतं. पण दोन शब्द बोलायची वेळ आली की तो दुकानात सटकायचा. त्यापेक्षा काठी तासणं सोपं गेलं. नवरे लोक असेच.

मग ती स्पोर्ट्स कार आली. एका दातांच्या डॉक्टरांची, जुनी, दोनच सीटांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर फतकल मारायची. डॉक्टरांची तक्रार अशी, की रस्त्यात ब्रेक दाबला तर मागचे दिवे लागत नाहीत आणि मागची वाहनं अंगावर येतात. वायरमनने काठी लावली. दिवे लख्ख. तरीही त्याने ब्रेकचा स्विच बदलला, बल्ब बदलले, फ्यूज बदलला, गंजलेले जोड घासूनपुसून चकचकीत केले. गाडी गेली आणि पुन्हा तीच रड घेऊन आली. पुन्हा काठी, पुन्हा दिवे लख्ख. शेवटी एक टेम्पो ठोकता ठोकता राहिला, तेव्हा डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले की आज जमलं तर बघा, नाहीतर संध्याकाळी गाडी दुसरीकडे नेतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वायरमनला वाटलं.

दुपारी जेवताना त्याचं लक्ष ताटात नव्हतं. बायको भाजी वाढत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला दुकान दिसायचं, त्यामुळे कुठल्या गाडीचं काय बिनसलंय ते तिला न सांगता कळायचं.

"ती गाडी काय काठी चालवते का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"रस्त्यावर आत माणूस असतो. तुम्ही एकदा तरी बसलात?"

नव्हता बसला. गुडघे धरलेले, म्हणून त्या बुटक्या सीटला तो टाळतच आला होता. हात धुऊन तो उठला, गाडीमागे एक आरसा टेकवला आणि कण्हत-कुंथत आत शिरला. ब्रेक दाबून आरशात पाहिलं, तर मागे अंधार. बाहेर येऊन काठी लावली, तर दिवे लागलेले. म्हणजे माणसाच्या वजनाने सीट खाली जात होती आणि तिच्याखालून मागे जाणारी वायर चेपली जात होती. आता ती नेमकी कुठे तुटली ते शोधायचं, तर आत कुणीतरी बसलेलं हवं आणि त्याचे स्वतःचे हात मोकळे हवेत. सीटवर वाळूचं पोतं ठेवता आलं असतं, हे त्यालाही सुचलं. शेजारच्या शिंप्याला हाक मारता आली असती. पण तो मधल्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

"जरा येऊन बसतेस?"

ती भांडी विसळत होती. "आणि मी दाबलाय म्हटल्यावर?"

"दाबलेलाच असेल."

"त्या दिवशीही दाबला होता."

"माहीत आहे," वायरमन म्हणाला. "त्याच दिवशी माहीत होतं."

तिने उरलेली भांडी विसळून पालथी घातली. घाई केली नाही. ती दुकानात आली तोवर डॉक्टरही, संध्याकाळपर्यंत धीर न धरवून, येऊन पोचले होते. ती सीटवर बसली. वायरमन दुसऱ्या दाराने आत वाकला, टेस्टर हातात घेतला, आणि डॉक्टरांना मागे दिव्यांकडे बघायला सांगितलं.

"दाबलास?"

"दाबलाय."

डॉक्टर मागून म्हणाले, की दिवे काही लागले नाहीत, बाईंचा पाय नीट पडला नसेल, पुन्हा एकदा दाबून बघू द्या.

"ती दाबलाय म्हणाली, म्हणजे दाबलाय," वायरमन मान वर न करता म्हणाला. "खराबी वायरमध्ये आहे."

सीटच्या पुढे टेस्टर पेटत होता, सीटच्या मागे पेटत नव्हता. त्याने सीटखाली हात घातला. वायर वरून धडधाकट होती, आतलं तांबं तुटलेलं होतं. त्याने ती चिमटीत धरून दोन्ही टोकं एकमेकांना भिडवली.

"लागले," डॉक्टर म्हणाले.

बायकोचा पाय अजून ब्रेकवरच होता. सोड म्हणायचं वायरमनच्या जिवावर आलं होतं.