फक्कीची रिंगणं

आमच्या गावासमोर वर्धेच्या पात्रात एक बेट आहे. उन्हाळ्यात अलीकडची धार गुडघाभर उरते, तेव्हा शाळेची पोरं चपला हातात घेऊन पलीकडे जात. आता जात नाहीत.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्यांच्या बाई त्यांना बेटावर नेत. पोरांनी आधी दारूच्या बाटल्या वेचल्या. पोती भरून माझ्याकडे आणली, कारण मी जुन्या मालाचा धंदा करतो. मग करंजाची रोपं लावली, प्रत्येकाने आपापलं रोप वाटून घेतलं. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती रोपाजवळ उलटी टांगायची, म्हणजे थेंब थेंब पाणी जातं, हेही त्यांनीच शोधलं.

मग टिटव्यांचा प्रश्न आला. टिटवी घरटं बांधत नाही, वाळूतल्या खड्यांत अंडी घालते, आणि अंडी खड्यांसारखीच दिसतात. चालता चालता पायाखाली येतात. माझी मुलगी सातवीत. तिने कबड्डीचं मैदान आखायची चुन्याची फक्की शाळेतून मागून घेतली आणि प्रत्येक ठिकाणच्या अंड्यांभोवती लांबून मोठं रिंगण आखलं. रिंगणात पाय टाकायचा नाही, एवढाच नियम. गुराख्यांनीसुद्धा तो पाळला. आम्ही घरात हिंदी बोलतो, पण बेटाचं सांगायचं झालं की तिची जीभ शाळेच्या वऱ्हाडीवर जायची. जेवताना दुसरा विषय नसे.

त्याच उन्हाळ्यात नदीच्या खालच्या अंगाला रेती उपसायचा जो घाट आहे, त्याचा सरकारी लिलाव झाला. घाट खाली होता, पण चांगली रेती बेटावर होती, आणि खोदायच्या मशीनला हद्द कळत नाही हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बाई हवालदिल झाल्या. मुलगी मला म्हणाली, "अब्बा, तुम्ही घाटाच्या ठेकेदाराशी बोला. तुमच्यापुढं कोनी टिकत नाही."

हे खरं होतं. मी राजूरच्या रस्त्यावर ट्रकांची पंक्चरं काढत सुरुवात केली आणि आज वणीत माझं गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. मला कोणी काही दिलेलं नाही, मी ओढून घेतलेलं आहे. घाटाचा ठेकेदार माझंच गिऱ्हाईक. त्याच्या टिप्परांच्या स्प्रिंगचे पाटे सारखे तुटत, आणि जुने पण धड पाटे या भागात माझ्याकडेच मिळत. दुकानात बसवून मी त्याला चहा पाजला. तो बेटाचं नाव काढू देईना, मी पाट्यांचं नाव काढू देईना. शेवटी मी भाव सोडला, त्याने बेटाचा टिटव्यांचा भाग सोडला.

"पोरीले म्हना, चुना मारून ठेव," तो म्हणाला. "चुन्याच्या आत माह्या मशीनचा दात लागनार नाही."

मी हात पुढे केला, त्याने हात दिला. आमच्या धंद्यात यापुढे काही लागत नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा मुलीने पुसट झालेली सगळी रिंगणं पुन्हा ठळक केली.

पुढच्या शनिवारी पोरं गेली तशीच परत आली. मी घरी होतो. मुलगी सरळ आतल्या खोलीत गेली, म्हणून मीच बेटावर गेलो. वाळूचं मोकळं पात्र जसंच्या तसं होतं. फक्त जिथे रिंगण होतं तिथे खड्डा होता. एकही रिंगण सुटलं नव्हतं. खड्ड्यांत पाणी वर आलं होतं, टिटव्या डोक्यावर ओरडत फिरत होत्या. मशीनच्या वाटेत आलेले करंज मातीत दाबले गेले होते.

मशीनवाला परराज्यातला, सरळ माणूस. त्याने मला अदबीने सांगितलं की आजवर ज्या ज्या घाटावर तो राबला, तिथे मोजणीवाले चुना मारतात तो खोदायच्या जागेवरच. त्याला वेगळं कोणी सांगितलंच नव्हतं.

मी थेट ठेकेदाराकडे गेलो. तो हसत होता.

"चुना त तुमच्याच पोरीनं मारला न, भाई? माह्या मानसाले काय सपन पडते?"

मी त्याची गचांडी धरली. चार माणसांनी सोडवलं. तहसील कचेरीत तक्रार द्यायला गेलो, तर लिलाव खालच्या घाटाचा आहे, सबब बेटावर खोदकाम झालेलं नाही, असं मला ऐकवण्यात आलं. खड्डे दाखवायला चला म्हटलं, कोणी उठलं नाही. मी ठेकेदाराला माल देणं बंद केलं. तो शेजारच्या दुकानातून नवे पाटे नेतो आणि जाताना मला नमस्कार करतो. गावातले म्हणतात, दोन-चार पाखरांसाठी एवढं कायले? माझा सौदा पक्का होता, हे मी आजही म्हणतो. ज्याने हात दिला त्याने आपल्या माणसाला एक वाक्य सांगायचं होतं. ते सांगायचं राहिलं की सांगायचंच नव्हतं, हे मला कधी कळणार नाही.

खड्डे खोल आहेत, पोरं बुडतील, म्हणून शाळेने बेटावर जाणं बंद केलं. उरलेली रोपं पाण्यावाचून वाळली. काठावरून टांगलेल्या बाटल्या दिसतात.

मी खड्डे पाहून आलो त्या रात्री मुलीने एकदाच विचारलं होतं, "अब्बा, तुम्ही त्याले सांगतलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मी उठून दिवा मालवला. तिने पुन्हा विचारलं नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी तिला दप्तर घ्यायला वणीला नेलं. पूर्वी ती भावावरून दुकानदाराशी असा घोळ घालायची की मी बाजूला उभा राहून नुसता बघत असे. तिचा हा गुण माझा, असं मी चारचौघांत सांगत आलो. त्या दिवशी दुकानदाराने भाव सांगितला. मी तिच्याकडे पाहिलं, तिने बोलावं म्हणून थांबलो. दुकानदारही थांबला.

"द्या," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून बाहेर जाऊन उभी राहिली.