क्रूसामागची पांढरी जागा

आमच्या ठाण्यातल्या गावठाणाच्या तोंडाशी एक दगडी क्रूस होता. प्लेगच्या साथीत घराघरांतून माणसं जात होती, तेव्हा साथ वेशीवरच थांबावी म्हणून पूर्वजांनी तो उभारला. "हा इथं उभा आहे म्हणून ती तिकडे आहे," असं पप्पा म्हणत. ती म्हणजे साथ. पप्पा तिच्याबद्दल एखाद्या भांडकुदळ शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलत.

मे महिन्यात रोज संध्याकाळी सगळं गावठाण तिथं रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला जमायचं. मी टॅबलेटवर ते चित्र काढायचे: चौथरा, झेंडूच्या माळा, पप्पांनी वाऱ्यापासून तळहाताने झाकलेली मेणबत्ती. इतरांच्या हातात मणी असतात, माझ्या हातात पेन लागतं. तीच माझी प्रार्थना. शेजारच्या काकी म्हणायच्या, "देवासमोर कसला खेळ चाललाय गं?" आणि चित्र चर्चच्या ग्रुपवर पडलं की पहिला बदाम त्यांचाच.

या वर्षी चौथऱ्यावर लाल रंगाने बाण आणि आकडा आला. रस्ता रुंद होणार होता. काकी रोज माळ त्या आकड्यावर घालायच्या, पण माळ सुकून खाली सरकली की तो पुन्हा दिसायचा. मला तो बघवत नव्हता.

मग फादर घरी आले. क्रूस चर्चच्या आवारात हलवायचा, आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, गावठाणाचा होकार घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"तू आवारातला क्रूस काढून दाखव," ते मला म्हणाले. "म्हातारी माणसं माझं ऐकायची नाहीत. पण तुझं चित्र बघून हो म्हणतील."

मला राग आला. फादरांचा नाही, ते खरं बोलत होते, त्याचा.

टॅबलेटवर चित्र थरांत काढतात, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं. क्रूसाचा थर वेगळा होता. मी तो उचलला आणि आवारातल्या जांभळाखाली ठेवला. इतका शोभून दिसला की अंगावर काटा आला. मग जुन्या चित्राकडे वळले. जे झाकलं जाणार ते रंगवत बसायचं नाही, ही माझी पद्धत. त्यामुळे माणसांच्या मधोमध क्रूसाच्याच आकाराचं पांढरं भोक पडलं होतं, आणि सगळे त्याच्यासमोर हात जोडून उभे होते.

पप्पा कधी मागे येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"ती इथूनच येणार," ते म्हणाले.

"पप्पा, काहीतरीच बोलू नका."

"दोन्ही पाठव. लोकांना दोन्ही बघू दे."

पाठवली. आवारातल्या क्रूसाला बदाम आणि आमेन पडत राहिले. दुसऱ्या चित्रावर फक्त एकीने विचारलं, "अगं, फाइल खराब झालीय का?" रविवारी भराभर हात वर गेले. पप्पांचे दोन्ही हात मांडीवरच होते.

क्रेनने क्रूस नेला, अगदी सांभाळून. आवारात तो हुबेहूब माझ्या चित्रासारखा दिसतो. त्या संध्याकाळी रोझरी आवारातच, असा निरोप आला होता. पप्पा मात्र मेणबत्ती घेऊन जुन्या जागी निघाले. म्हातारा एकटा पडायला नको म्हणून मीही मागोमाग गेले. तर काकी तिथं आधीच हजर. आणखी बरेच जण येत होते, एकमेकांकडे न बघता. हळूहळू नेहमीचं रिंगण झालं, मध्ये चौथऱ्याएवढी जागा सोडून. तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या खणलेल्या मातीवर पाय ठेवायला कोणी धजत नव्हतं. मी पेन बाहेर काढलंच नाही. मला भीती वाटत होती.

पप्पांनी मेणबत्ती तळहाताने झाकली. प्रार्थना सुरू झाली आणि त्यांना खोकला आला. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. माझीही.