शेवटच्या डबीची जागा

आमच्या भावोजींना जगात एकाच गोष्टीची भीती वाटत असे, आणि ती म्हणजे रिकामी जागा. साप, विंचू, आयकरवाले आणि माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, यांना बाकीची मंडळी रीतसर घाबरतात; भावोजी त्यांतल्या कशालाच घाबरत नसत. पण अर्धी भरलेली बरणी दिसली की त्यांचा चेहरा उतरे. रत्नागिरीहून पालीकडे जाताना कातळावर त्यांची हापूसची बाग आहे आणि बागेला लागून पेट्या भरायची शेड. सगळा जन्म पेट्या भरण्यात गेला. पेटीत जागा राहिली की आंबा हलतो, हलला की मार खातो, आणि मार खाल्लेला आंबा मुंबईला पोचेपर्यंत डागी होतो, हे कुठलाही बागाईतदार सांगेल. भावोजी त्यापुढे आणखी एक वाक्य जोडत आणि ते बोलताना आवाज खाली आणत. "आणि आंबा नसला, तरी जागा काही रिकामी राहत नाही गो. कोणीतरी येऊन बसतं."

मी खेडला राहते आणि नोकरीची सगळी वर्षं टपालात पार्सलांच्या खिडकीवर काढली. वजनकाट्यावर ठेवण्याआधी पार्सलाचं वजन हाताला कळतं, आणि भुताखेतांचं मला काही कळत नाही. त्यामुळे भावोजींच्या या वाक्याला मी हसत असे. फक्त ते हसणं महागात पडे. दर सुट्टीत परत निघाले की ते माझी बॅग तपासायला येत, कुठे कोपरा मोकळा दिसला की त्यात भाताचा पेंढा कोंबत, आणि मग वर्षभर माझ्या साड्यांतून काड्या निघत. ऑफिसात साहेबांसमोर निऱ्यांतून पेंढा गळणारी सबंध खेड तालुक्यात मीच एकटी असेन. लग्नाच्या पंगतीत एखादं पान मोकळं राहिलं तर भावोजी उठून त्यावर लिंबाची फोड ठेवून येत. खेडजवळच्या लोट्याला कंपनीत असलेल्या आमच्या एका भाचीच्या घरी बारसं होतं. वरवंट्याला झबलं घालून तो आधी पाळण्यात ठेवायचा, मग काढून बाळाला ठेवायचं, ही आपली रीत. वरवंटा उचलला आणि बाळ ठेवायच्या आधी क्षणभर पाळणा मोकळा राहिला, तर भावोजींनी बायकांच्या घोळक्यात हात घालून आपला रुमाल आत टाकला. बाळाची आजी चिडली. भावोजी शांतपणे म्हणाले, "रिकामा हलला असता." आजीने रुमालावरच बाळ ठेवलं, कारण रिकामा पाळणा हलवू नये हे तिलाही ठाऊक होतं.

अशा माणसाच्या घरात ती जपानी पेटी यावी हा योगायोग मला अजून नीट पटलेला नाही. जपानला आंबा पाठवायचा तर तिकडचे तपासनीस येऊन माल बघतात. त्यांतले एक किडकिडीत, सौम्य गृहस्थ एका हंगामात बरेच दिवस रत्नागिरीत होते. ते भावोजींच्या शेडमध्ये तासन्‌तास बसून पेटी कशी भरतात ते बघत. निघताना त्यांनी दोन्ही हातांनी, कमरेत वाकून एक भेट दिली. सुरेख चित्रं काढलेली जाड पुठ्ठ्याची पेटी होती ती. भावोजींनी ती उघडली. आत एका टोकाला डिस्कची एक डबी, आणि बाकी सगळी पेटी मोकळी. बरोबर आलेल्या दुभाष्याने समजावलं, की ही एका ॲनिमे मालिकेची, म्हणजे जपानी कार्टूनची पेटी आहे. तिकडे सबंध मालिका एकदम विकत नाहीत. एका डबीत दोन भाग, दोनेक महिन्यांनी पुढची डबी, असं करत सगळ्या येतात. त्या ठेवायची पेटी मात्र पहिल्या डबीबरोबरच देऊन टाकतात. "आणि पुढच्या आल्या नाहीत तर?" भावोजींनी विचारलं. पाहुण्यांनी हातातला आंबा पेंढ्यात नीट बसवला. मग एकच वाक्य बोलले. दुभाष्याने सांगितलं, "ते म्हणतात, मग पेटी वाट बघते."

झालं. ज्या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात त्या वयात भावोजी कार्टूनच्या नादी लागले. त्यांचा पुतण्या जहाजावर आहे. त्याला जपानी बंदर लागलं की काकांसाठी पुढची डबी घ्यायची हा नियम झाला. त्या डिस्का आपल्याकडच्या यंत्रावर चालेनात म्हणून त्याने यंत्रही तिकडचंच आणून दिलं. एका डबीची किंमत हंगामातल्या पहिल्या पेटीएवढी. ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "दोन कार्टुनांना एक सबंध पेटी? पाच डझनांची?" भावोजींना त्यात वावगं काहीच दिसेना. "पहिल्या पेटीला गिऱ्हाईक पैसे कसले देतो? आंब्याचे नाही गो. वाट बघितल्याचे देतो." जपान्यांना हे कळतं म्हणून त्यांना त्या लोकांचा फार आदर. आणि बांधणीचं म्हणाल तर पार्सलांत हयात घालवलेल्या मीही हात जोडले. डबीला पुठ्ठ्याचं झबलं, त्यावर कागदी पट्टा, आत चित्रांची पुस्तिका, आणि सगळं असं बेतलेलं की बोट घालायला फट नाही. हेच सगळं फोनवर फुकट बघता येतं असं कोणी सुचवलंच तर भावोजी म्हणत, "ते कार्बाइड मारून पिकवलेलं. तुम्हीच खा."

गोष्ट एका होडीवाल्या मुलीची होती. धुक्यातली खाडी, मुलगी वल्हं मारते, दर भागात एक उतारू पलीकडे सोडून येते. पलीकडच्या धक्क्यावर एक दिवा जळत असतो. तो कोण लावतं ते कळत नाही. होडी पोचते तेव्हा तिथे कोणीच नसतं. भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. "होडी वल्हवताना कोणी व्याख्यान देतं का?" असं म्हणून भावोजी तो प्रश्न मिटवत. मी सुट्टीत गेले की मलाही शेजारी बसवत, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीच्या पाठीकडे बघता बघता माझ्या अंगावर काटा येई. ती कधी मागे वळून बघत नसे. भावोजींना फक्त एवढंच हवं होतं, दिवा कोण लावतं ते बघायचं. पेटीतली शेवटची जागा तेवढी उरली होती, आणि पुतण्या हात हलवत परत आला. पहिल्या डब्या खपल्या नाहीत म्हणून कंपनीने शेवटची काढलीच नाही. वर त्यातले दोन भाग टीव्हीवरही दाखवलेले नव्हते. ते डबीतच यायचे होते. म्हणजे जगात ते कोणी पाहिलेच नव्हते.

भावोजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेंढा आणला, उरलेल्या जागेत डबीच्या मापाने नीट बसवला, आणि पेटी शेडच्या कोपऱ्यात, जिथे ते आढी घालतात तिथे, पेंढ्यावर ठेवली. आढीत पेंढ्याच्या उबेने आंबा पिकतो. पेटी तिथे कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाडाला आलंय. पिकेल." मी मनसोक्त हसले. मग त्यांनी माझा हात धरून पेटीवर ठेवला. पेटी कोमट होती. पत्र्याची शेड, वैशाखातलं ऊन, तापणारच, असं मी म्हटलं. पण गणपतीला गेले तेव्हा बाहेर पावसाचा गारठा होता, आढीत एक आंबा नव्हता, आणि पेटी तशीच कोमट. मी ती उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. मूठभर पेंढ्याला वजन ते काय असणार? पण माझा हात सांगत होता की पेटी भरलेली आहे. मी कोणाला बोलले नाही. ताईने मात्र स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता, वर न बघता सांगितलं, की पेटीतला पेंढा दर महिन्याला बदलावा लागतो, ओला होतो. "आणि वास येतो गो. खाडीचा." आमच्या कातळावरून खाडी दिसतसुद्धा नाही.

त्याच सुमाराला भावोजी चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले. काचबिंदू निघाला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची. ती कडेकडेने जात होती. ज्या माणसाने जन्मभर कोपरा मोकळा ठेवला नाही त्याच्या डोळ्यांतच आता कोपऱ्यापासून मोकळं व्हायला लागलं. मला त्यांची एवढी दया कधीच आली नव्हती. ते स्वतः तक्रार करत नसत. संध्याकाळी ओटीवर बसून एकदाच म्हणाले, "दिवा लावणारं माणूस दिसेपर्यंत टिकले म्हणजे पुरे." त्या दिवसापासून ताई पुतण्याच्या मागे लागली, आणि ताई मागे लागली म्हणजे समुद्रातही सुटका नाही. शेवटी त्यानेच शोध लावला. त्या मालिकेचे भक्त तिकडे थोडे पण हट्टी होते. त्यांच्या तगाद्याने आता जितकी आगाऊ मागणी येईल तितक्याच शेवटच्या डब्या कंपनी बनवणार होती. किंमत काय पडली ते ताईने मला आजतागायत सांगितलेलं नाही. एवढंच माहीत आहे की त्या वर्षी तिने पाटल्या मोडल्या.

डबी बनायला वेळ लागला, यायला आणखी लागला. ती खेडला माझ्या पत्त्यावर आली तोपर्यंत भावोजींना उजेड आणि काळोख यांतलाही फरक कळेनासा झाला होता. पार्सल मांडीवर घेऊन मी एसटीत बसले आणि रत्नागिरीपर्यंत तोंडाला पदर लावून रडले. वाटेत ते उघडायचा मोह झाला नाही. ते त्यांनीच उघडायला हवं होतं.

त्यांनी ते बोटांनी उघडलं. कागदी पट्टा चाचपला, कोपरे तपासले, वास घेतला, आणि खूश होऊन म्हणाले, "बांधणी मात्र आहे हो." भर दुपारी आम्ही तिघं यंत्रासमोर बसलो. काय दिसतं ते मी सांगायचं असं ठरलं. धुकं आहे, मी म्हटलं. होडी आहे. आज उतारू नाही, ती एकटीच आहे. "आता वल्हं ठेवील," भावोजी म्हणाले. मुलीने वल्हं ठेवलं. मी ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. "आता होडी आपली आपण जाईल. डावीकडे खांब येईल, त्यावर एक बगळा." डावीकडून खांब आला. त्यावर बगळा होता. मी सांगायचं थांबवलं. भावोजी पडद्याकडे नाही, शेडच्या बाजूला तोंड करून बसले होते आणि सावकाश, आरामात सांगत होते. आधी ते सांगत, मग पडद्यावर तसंच घडे. होडी धक्क्याला लागली. "आज दिवा लावणारी आहे तिथे. तीच आहे गो ती, होडीवाली. म्हातारी झालेली." पडद्यावर एक म्हातारी वाकून वात सारत होती. ती वळली, आणि इतक्या भागांत जो चेहरा आम्ही धड पाहिला नव्हता तो सुरकुत्यांसकट समोरून आमच्याकडे बघू लागला.

माझा पहिला संशय पुतण्यावर गेला, त्याने आधी बघून सांगितलं असेल. पण तो समुद्रावर होता, आणि पार्सलाची चिकटपट्टी माझ्यासमोरच निघाली होती. "तुम्ही हे कधी बघितलंत?" मी विचारलं.  "डोळे गेल्यावर," भावोजी म्हणाले. "जागा झाली ना. आलं आणि बसलं. मी उगीच भीत होतो इतकी वर्षं."

संध्याकाळी मी शेडमधून पेटी आणली. पेंढा काढला, तो ओलसर होता. मोकळ्या जागेत नवी डबी सरकवली, तर ती अर्ध्या बोटापुढे जाईना. हात घालून बघितलं, आत काही नव्हतं, बोटं थेट मागच्या पुठ्ठ्याला लागली. पुन्हा डबी लावली, पुन्हा तिथेच अडली. ताईने लावून बघितली. तशीच. "जबरदस्ती नको," ओटीवरून भावोजी म्हणाले. "कोपरा दबेल." ती डबी आता बाहेर रेडिओशेजारी उभी असते, आणि पेटी आपल्या जागी.

हल्ली भावोजी मोकळ्या पानावर लिंबाची फोड ठेवत नाहीत. ओटीवर बसले की शेजारची रिकामी खुर्ची कोणाला ओढू देत नाहीत, एवढंच. त्या खेपेला मी निघाले तेव्हा भावोजींना दिसत नाही म्हणून ताई माझ्या बॅगेत पेंढा भरायला आली, तर तेच म्हणाले, "राहू दे गो थोडी जागा." घरी येऊन बॅग उघडली. साड्या स्वच्छ, एक काडी नाही. ज्या पेंढ्याला मी जन्मभर नावं ठेवली तो नव्हता म्हणून मला रडू आलं. मग कोपऱ्यातल्या त्या मोकळ्या जागेत मी हात ठेवला. तिथे ऊब होती. ती बॅग मी अजून तशीच ठेवली आहे, उघडी.