आबांच्या नव्या डॉक्टरीणबाई

सुरतेतल्या सुरतेत गोडादऱ्याहून कोसाडला राहायला आलो तेव्हा आमचा सगळा संसार एका टेम्पोत मावला. आबांचे डॉक्टर मात्र मागेच राहिले.

आबा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य त्यांनी लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या मागांच्या कारखान्यात काढलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. गोडादऱ्यातले डॉक्टर त्यांना तरुणपणापासून ओळखत. आबांना कमी ऐकू येतं म्हणून ते इतक्या मोठ्यानं बोलत, की बाहेर बाकावर बसलेल्यांनाही आबांचं बीपी कळायचं. आम्ही घर बदललं त्याच सुमारास त्यांनी दवाखाना बंद केला आणि ते मुलाकडे राहायला गेले. नवा डॉक्टर शोधू या म्हटलं की आबा म्हणायचे, "गोळ्या त्याच लेवान्या ना? मंग डॉक्टर कशाले?"

काही महिने तसंच चाललं. मग एके दिवशी मेडिकलवाल्यानं चिठ्ठी परत केली. फार जुनी झाली, नवी आणा म्हणाला. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये मी हिशेबाचं काम बघते. सकाळी कंपनीच्या बसनं निघते ते दिवेलागणीलाच घरी येते. म्हणून सुट्टीच्या दिवशी आबांना घेऊन आमच्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या दवाखान्यात गेले. आबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि तोंड पाडलं होतं.

काउंटरवर एक बाई बसल्या होत्या. नवा पेशंट म्हटल्यावर त्यांनी केसपेपर पुढे ओढला आणि खाली मान घालून आबांना गुजरातीत विचारू लागल्या.

"शुगर छे?"

"हा, बेन," आबा म्हणाले.

"ऑपरेशन थयेलु छे?"

"हा."

"दारू, तमाकू?"

"हा, हा," आबा हसून म्हणाले.

बाईंनी चमकून वर पाहिलं. आयुष्यात ज्यांनी तंबाखूला बोट लावलं नाही, त्या माझ्या बापाला मी तिथल्या तिथे व्यसनातून सोडवलं. ऐकू आलं नाही की आबा 'हा' म्हणायचे. समोरच्याला परत विचारायला लावण्यापेक्षा त्यांना ते सोपं वाटे. मग पुढची सगळी उत्तरं मीच दिली. बँकेत, रेशनच्या दुकानात, लग्नकार्यातही असंच चालायचं. त्यांना विचारलेल्याचं उत्तर माझ्या तोंडून यायचं.

आमचा नंबर लागला. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगीच होती. बाहेर खोकणाऱ्यांची गर्दी होती, म्हणून तिनं तोंडाला मास्क लावला होता. आवाज इतका मऊ, की मलाच कान द्यावा लागत होता. मी मनात म्हटलं, आबांचं इथे कठीण आहे.

"काही त्रास?" तिनं हिंदीत विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "फक्त बीपीच्या गोळ्या लिहून द्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आबा तिच्या मास्ककडे टक लावून बसले होते.

"काकांना कमी ऐकू येतं का?"

"हो. लूमवर होते."

ती उठली. स्टूल ओढून आबांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली आणि तिनं मास्क हनुवटीखाली ओढला. मोठ्यानं बोलली नाही. प्रत्येक शब्द नीट ओठांत घेऊन म्हणाली, "काका, चक्कर आवे छे?"

"हा," आबा म्हणाले.

मी लगेच तोंड उघडलं. "नाही हो डॉक्टर, ते असंच सगळ्याला..."

तिनं माझ्याकडे न बघता हात वर केला. मी थांबले.

"क्यारे आवे छे?"

"बाकड्यावरून उठलो की," आबा आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगू लागले. "सगळं काळं दिसतं. मोरीत दोनदा पडलो."

खात्यात एवढा आवाज असतो, की तिथे सगळे एकमेकांचे ओठच वाचतात. आबांनी तिचा शब्दन् शब्द वाचला होता. एकाच घरात राहून मला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"आबा, मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"तुले सांगं असतं ते तू नोकरी सोडी देती," ते म्हणाले.

डॉक्टरला अहिराणी कळली नसावी, पण आम्हाला सावरायला तिनं वेळ दिला. बीपीच्या पट्ट्याशी उगाचच खुडबुड करत राहिली. मग तिनं आबांचं बीपी एकदा बसवून आणि एकदा उभं करून तपासलं. उभं राहिल्यावर ते बरंच खाली येत होतं. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, म्हणाली. मी धावत जाऊन डबाच आणला. मागे एकदा मेडिकलवाल्याकडे नेहमीची गोळी नव्हती, म्हणून त्यानं दुसऱ्या कंपनीची दिली होती. आबांनी ती सुरू केली आणि घरात उरलेली जुनीही चालू ठेवली. नावं वेगळी असली तरी औषध एकच होतं.

"वाया कशाला घालवायच्या?" आबा म्हणाले. डॉक्टर खळखळून हसली. तिनं एक पाकीट बाजूला काढलं, दुसऱ्यावर पेनानं मोठा सूर्य काढला आणि आबांच्या हातात दिलं. सकाळी, एकच. अंथरुणातून उठताना आधी थोडं बसायचं, मग उभं राहायचं. आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं.

आबांनी विचारलं, "एकटा आलो तर चालेल?"

"चालशे," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ते खरंच एकटे गेले. संध्याकाळी मी घरी आले तर स्वतःच सगळं सांगायला लागले. बीपी ठीक आहे, चक्कर कमी झाली. डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरी मारून पाहिलं. मळ बराच साचलाय, पण मळ काढून भागणार नाही, सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्या, असं म्हणाल्या. "जाऊ ना?" त्यांनी मला विचारलं. एवढी वर्षं मीच कानाच्या मशीनचा विषय काढायचे आणि ते हात झटकायचे.

तपासण्यांना वेळ लागला. खेपा झाल्या, रांगा झाल्या. शेवटी उजव्या कानात मशीन बसलं. सुरुवातीला ते वैतागले. पंखा केवढा ओरडतो, म्हणून उकाड्यातही तो बंद करून बसायचे. नंतर हळूहळू सवय झाली. खाली बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांत मिसळू लागले.

परवा दुपारी ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर घरचा नंबर. आबांनी कित्येक वर्षांत फोन कानाला लावला नव्हता. मी डबा बाजूला सारून फोन घेतला.

"काय झालं, आबा?"

"काही नही," पलीकडून ते म्हणाले. "जेवनी का तू?"

"बसतेच आहे."

"काय भाजी शे?"

"गिलक्याची. तुम्हीच तर चिरून दिली सकाळी."

"ऐकू येस बरं," आबा म्हणाले. मग ठेवायचं विसरून ते तसेच फोन धरून बसले आणि मीही ठेवला नाही.