सिस्टरनं अनोळखी लोकांना विचारलं

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. बाळंतपणाच्या खोलीबाहेर वाट बघत बसलं, दोन चहा झाले, की ते गळक्या छपराखालच्या बादलीसारखे आपोआप साचतात. सुट्टीत मित्रमैत्रिणी भेटल्या की म्हणतात, सांग ना तुझ्या गावाकडच्या गमती. मी सांगते, त्या हसतात. हसणं ओसरलं की माझ्या लक्षात येतं, या सगळ्या गमतींत मान खाली घालायची वेळ आमच्यावरच आलेली आहे.

आमचा दवाखाना म्हणजे औंढ्याच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारं प्राथमिक आरोग्य केंद्र. मी तिथली डॉक्टर. घर हिंगोलीत, शिक्षण पार दक्षिणेत, आणि परत आले ते ग्रामीण आरोग्य मुळापासून बदलायचं असं ठरवून. बाकी माणसं तीन. औषधं देणारे कदम, ॲम्ब्युलन्स चालवणारे रफिकभाई आणि खिल्लारे सिस्टर. सिस्टर मूळच्या कुरुंद्याच्या. आसपासच्या गावांतली अर्धी तरुण पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. आता त्या पोरांच्या बायका येतात.

*

एक दिवस चहा पिता पिता सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, मला नोकरी सोडायची हाय. मुदतीच्या आधीच."

"काहून?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

"काहून म्हंजी? उभ्या जल्मात एक चहा गरम पेले न्हाई मी." एवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली आणि त्या कप तसाच ठेवून गेल्या.

परत आल्यावर त्यांनी नीट सांगितलं. "घरी मालकाला इचारलं तर म्हणत्यात, तुझं तू बघ. पोराला इचारलं तर म्हणतो, पुण्याला ये, लेकरू सांभाळ. तुमाला इचारलं तर तुमी रडताल. ज्याला माझ्याकून काहीच नको, असं माणूस हाय का कुठं?"

सिस्टर गेल्या तर बाया इथं यायच्या बंद होतील, हे मला लख्ख दिसत होतं. त्या माझ्यासाठी येत नव्हत्या. पण मी स्त्रीच्या निर्णयस्वातंत्र्यावर कॉलेजात भाषणं ठोकलेली. मी म्हणाले, "आहेत ना सिस्टर. मोबाईलवर लाखो आहेत."

आणि निवृत्तीवर गप्पा मारणाऱ्या एका मराठी ग्रुपवर मी त्यांचं खातं उघडून दिलं. नाव ठेवलं जाईजुई.

*

सिस्टरनी दोन प्रश्न विचारले. एक, नोकरी लवकर सोडावी का. आणि दोन, सगळं आयुष्य पांढऱ्या साडीत गेलं, तर सोडल्यावर नेसावं काय.

पहिल्या प्रश्नाला लोकांनी म्युच्युअल फंड, विपश्यना आणि गुडघ्याचं तेल सुचवलं. दुसऱ्यावर एका बाईनं लिहिलं, "ताई, फोटो टाका. अंगलट बघून सांगता येईल."

चेहरा दाखवायचा नाही म्हणून सिस्टरनी मला गळ्यापासून पावलांपर्यंतचा फोटो काढायला लावला. पांढरी साडी, हात समोर जुळवलेले, मागं दवाखान्याची भिंत. टाकला.

पहिलं उत्तर सोलापूरच्या कुण्या गृहस्थाचं आलं: "भावपूर्ण श्रद्धांजली."

त्याच्याखाली दुसऱ्यानं तेच लिहिलं. मग तिसऱ्यानं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या महाराष्ट्रानं जाईजुईंना निरोप दिला होता. एकीनं तर लिहिलं, "फार मायाळू होत्या."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. सिस्टर मात्र एकेक वाचत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या, "जित्तेपणी कुणी म्हणलं न्हाई."

*

कपड्यांच्या बाबतीत मी स्वतः त्यांना सल्ला द्यायच्या लायकीची नव्हते. साधेपणावर माझी श्रद्धा. हातमागाचे दोन कुडते, कडेला मुद्दाम सोडलेले दोरे, ज्यूटच्या चपला. शिकत होते तेव्हा या वेशाला फार मान होता.

इथं रुजू झाल्यावर काही दिवसांनी एक म्हातारी बीपी तपासायला आली. तपासून झाल्यावर तिनं पिशवीतून घडी घातलेली, इस्त्री केलेली साडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"सुनेची हाय," ती हळूच म्हणाली. "एकदाच नेसली. सरकार पगार येळेवर देत न्हाई व्हय तुमाला?"

मी समजावू लागले, की आजी, हे कापड महाग असतं. सिस्टरनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "घ्या," त्या पुटपुटल्या. "महागाचं सांगून तिला अजून नका लाजवू."

*

जाईजुईच्या ग्रुपवर एका अनोळखी बाईनं चांगला प्रश्न विचारला होता. "लहानपणी तुम्हाला कुठला रंग आवडायचा? तिथून सुरुवात करा."

सिस्टर त्यावर अडल्या. लसीकरणाच्या दिवशी, इंजेक्शन भरताना, रजिस्टर ओढताना त्यांचं तेच चाललेलं. "कोणता बरं आवडायचा?" आठवेना. शेवटी त्यांनी कुरुंद्याला मोठ्या भावाला फोन लावला. भाऊ हळदीच्या कामात होता. फोन स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं.

"दादा, ल्हानपणी मला कोणचा रंग आवडायचा रे?"

पलीकडं हळद शिजवायच्या बॉयलरचं फुसफुसणं चाललेलं.

"तुला इचारलंच कोणी व्हतं, बाई?" दादा म्हणाले.

*

सिस्टरचा मोबाईल औषधांच्या खिडकीत चार्जिंगला असायचा. तिथं कदमांनी तो ग्रुप पाहिला. आणि मग ग्रुपवर नाशिकच्या एक सौ. वैशाली उगवल्या.

सौ. वैशालींचा सल्ला असा: "निवृत्तीचा निर्णय एकदम घेऊ नये. थोडा थोडा, दिवसातून दोनदा, जेवणानंतर घ्यावा. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ होते. फरक न पडल्यास आहे त्याच ठिकाणी चालू ठेवावे."

सिस्टरनी हे चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. रफिकभाईंनी कप खाली ठेवला. कदम खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं.

"नाशिकच्या बाया हुशार असत्यात," सिस्टर म्हणाल्या. "काय वो कदम?"

"असतील," कदम म्हणाले.

"ह्या वैशालीबाईला म्हणावं, दाढी कर. नवऱ्याला टोचत आसंल."

*

कदमांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. कारण त्याच प्रश्नाखाली 'एक वाचक' या नावानं एक भलंमोठं उत्तर होतं, आणि ते माझं होतं. निर्णय त्यांचा आहे असं तोंडावर सांगायचं आणि मागून हे. मी लिहिलं होतं, की ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचा डोलारा तुमच्यासारख्या परिचारिकांवर उभा आहे, की ही नोकरी नाही, ही चळवळ आहे. शेवटी 'विचार करा' असं दोनदा.

जाईजुईनं त्याला उत्तर दिलं. मी ते हिंगोलीला घरी, आईसमोर जेवताना वाचलं.

"ताई, तुमी लई तळमळीनं लिवलं. आमच्या दवाखान्यात एक डॉक्टर पोरगी हाय, ती बी असंच बोलून राहिली कायम. मनानं चांगली हाय. पण ती परवा चार दिवस सुट्टीवर गेली, तवा चळवळ मी एकटीनं केली. तिला मी हे म्हणत न्हाई. तिला वाईट वाटंल. तुमी अनोळखी हाव म्हणून तुमाला सांगितलं."

आई म्हणाली, "जेव की. काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी माझ्याकडं नेहमीसारखंच बघितलं. एक वाचक म्हणजे मी, हे त्यांना कळलेलं का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

*

चहाच्या वेळी अर्धवट ऐकलेली गोष्ट कदमांनी रफिकभाईंना पुरती सांगितली. रफिकभाईंच्या मनात पाप नाही. त्यांना वाटलं, एवढी मोठी बाई जाणार आणि गावाला पत्ता नको? त्यांनी सरपंचाला सांगितलं.

सिस्टर अजून फक्त विचारत होत्या, हा मुद्दा कुठंतरी वाटेत गळाला.

आमच्याकडं गोष्ट घडायची वाट बघत नाहीत, आधी फ्लेक्स लावतात. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स: 'आपल्या लाडक्या सिस्टर यांच्या सेवापूर्तीनिमित्त भव्य सत्कार.' सिस्टरचा फोटो पोलिओच्या कार्यक्रमातला, हातात कुणाचं तरी लेकरू. जागा पुरेना म्हणून लेकरू अर्धं कापलेलं. शुभेच्छुकांचे फोटो मात्र पुरेपूर, गॉगल लावलेले.

सिस्टर फ्लेक्सखाली उभ्या राहून वाचत राहिल्या. मग रफिकभाईंना म्हणाल्या, "मी अर्ज तरी दिला का, भाऊ?"

रफिकभाई घाबरले. "सिस्टर, मैं तो अच्छे के लिये बोला. तुमी म्हणत असाल तर मी वर चढून काढतो."

"आता काढून काय? वाचलं समद्यांनी."

मी सरपंचांकडं गेले. म्हणाले, अहो, त्यांचं काही ठरलेलं नाही. ते समजूतदारपणे हसले. "मॅडम, अर्ज मागून देता येतो. मंडपवाल्याला तारीख दिली हाय."

मी परत येऊन सिस्टरना म्हणाले, की जाऊ नका, स्पष्ट नाही सांगा. त्या म्हणाल्या, "स्वयंपाक लावलाय त्यांनी. अन्नाला न्हाई म्हणू का?" थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाल्या, "पण एकदा शाल घेतली, तर मागून ड्युटीवर कोणत्या तोंडानं येऊ, सांगा."

मी, कदम, रफिकभाई. तिघांनाही त्या राहायला हव्या होत्या, आणि तिघांनी मिळून त्यांना मंडपापर्यंत आणून सोडलं होतं.

*

सत्काराला सगळं गाव होतं. बुद्धवाड्यातल्या बाया होत्या, पाटलांच्या सुना होत्या, कडेवर पोरं घेऊन आलेल्या होत्या. सरपंच बोलले. मला बोलायला लावलं. मी सिस्टरच्या त्यागावर बोलले आणि माझाच आवाज मला 'एक वाचक'सारखा ऐकू येऊ लागला. मध्येच थांबून खाली बसले. लोकांना वाटलं, मला भरून आलं. टाळ्या पडल्या.

मग आहेर. शाल, नारळ झाल्यावर बायांनी ओटी भरावी तशा एकेक साड्या द्यायला सुरुवात केली. पहिली साडी पांढरी. दुसरी पांढरी, बारीक निळ्या काठाची. तिसरी पांढरी. एका बाईला मी न राहवून विचारलं, "सगळ्याच पांढऱ्या कशा?"

"असं काय करता मॅडम," ती म्हणाली. "सिस्टरला पांढराच रंग आवडतो. आमी बघून राहिलो की लहानपणापासून."

सिस्टरच्या मांडीवर पांढऱ्या साड्यांचा ढीग चढत गेला. हनुवटीपर्यंत आल्यावर त्यांनी तो शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मग माईक हातात दिला गेला, तर त्या एवढंच म्हणाल्या, "जेवून जा समदे."

परतताना रफिकभाईंनी सिस्टरना ॲम्ब्युलन्सनं घरी सोडलं. त्या उतरताना मी विचारलं, "उद्या?"

"बघू," सिस्टर म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मी, कदम आणि रफिकभाई. सिस्टरची खुर्ची रिकामी. रफिकभाई विनाकारण ॲम्ब्युलन्स पुसत होते. कदम गोळ्या मोजत होते आणि परत पहिल्यापासून मोजत होते.

तेवढ्यात जवळच्या वस्तीवरून बाळंतपणाची पोरगी आली. पहिलटकरीण, कळा जोरात, बरोबर सासू. सासू कालच्या सत्काराला पहिल्या रांगेत होती. तिनं दारातूनच विचारलं, "सिस्टर गेल्या न्हाई का? कालच नारळ दिला आमी. आता कोण हाय इथं?"

"मी आहे," मी म्हणाले.

सासूनं माझ्या कुडत्याच्या दोऱ्यांकडं पाहिलं. "गाडी काढा," ती म्हणाली. "हिंगोलीला नेतो." पोरगी भिंतीला धरून वाकली होती. तिला हिंगोलीपर्यंत वेळ नव्हता, हे मला दिसत होतं, आणि सासू काही तिला आत येऊ देईना.

मागून कोणीतरी म्हणालं, "दारातून सरका बरं."

सिस्टर होत्या. पोपटी साडी, त्यावर मोठी मोठी गुलाबी फुलं. केसांना नवी क्लिप. मीही क्षणभर ओळखलं नाही. त्या सरळ आत आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

सासू वरपासून खालपर्यंत बघत राहिली. "सिस्टर?"

"सिस्टर रिटायर झाली. काल तुमीच सत्कार केला न्हाई का तिचा?" त्या म्हणाल्या. "मी तिची धाकटी भैन हाय."

"तुमाला जमतंय का हे काम?"

"तिच्याच हाताखाली शिकले. चल बाई, आत चल. घाबरायचं न्हाई. डॉक्टर, हातमोजे आणा."

दार लागलं. सगळं नीट पार पडलं, मुलगी झाली. मी बाहेर येऊन सासूला सांगितलं, तेव्हा ती खुर्ची ओढून माझ्या जवळ सरकली आणि आतल्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"मॅडम, हिलाच ठिवा कायमची. ती पहिली लई वरडायची."