गॅस सोडू नका, मागे साहेब नाहीत!

आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या नावावर आयुष्यात एकही अपघात नव्हता.

आणि ड्रिफ्ट करताना हाच तर मोठा प्रॉब्लेम होता.

आज त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. माझी शाळा दुसरीपर्यंतच. पण आता फोनशी बोललं की तो लिहून घेतो, म्हणून मीच सांगते. चुकेल ते चुकेल.

हे सरकारी ड्रायव्हर. पांढरी गाडी, मागे साहेब. आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. साहेब मागे बसून चहा प्यायचे आणि बशीत थेंब सांडायचा नाही, एवढी यांची ख्याती.

मग मुलाला गुडगावला कंपनीत नोकरी लागली, चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. समोर तेव्हा मोहरीची शेतं होती. आता तिथे मॉल आहे. तिथली भाजी महाग, पण एसी छान.

असो. तर नातीसाठी, सईसाठी, रेसिंगचा गेम आला. ती तेव्हा आठवीत होती, बारा-तेरा वर्षं झाली त्याला.

हे सोफ्यावरून बघत होते. म्हणाले, "ही पोरगी गाडी घसरवतेय का?"

"आबा, ह्याला ड्रिफ्ट म्हणतात. मुद्दाम घसरवायची, आणि तशीच तिरकी वळणातून काढायची."

"मुद्दाम?"

आणि हात पुढे. "आण इकडे."

गाडी निवडली तीही चारही चाकं ओढणारी. सई ओरडली, "आबा, यार, ड्रिफ्टला मागची चाकं ओढणारी घेतात! ही घसरतच नाही नीट."

हे म्हणाले, "मी चारही चाकांची जीप चालवलीय. ताकद मागे पाठवू. पुढच्या चाकांनी फक्त हात धरून न्यायचं."

आणि बसले की हो खटपट करत! गेममध्ये गाडी उघडून सगळं बदलता येतं. यांना मोतीबिंदू, टीव्हीवरचे आकडे दिसायचे नाहीत. आकडे मी वाचायचे. अक्षरांचं मला जमत नाही, पण आकडे बसचे नंबर बघून पक्के झालेत.

"पुढे किती ताकद?"

"अठरा."

"मागे?"

"ब्याऐंशी."

"बास. आता मागचं डिफरन्शिअल घट्ट कर. दोन्ही चाकं एकत्र फिरायला हवीत, नाहीतर एकच चाक नुसतं फिरत बसतं."

मी पंच्याण्णव केलं. मागच्या टायरात हवा वाढवली, म्हणजे ते लवकर निसटतात. गिअर तिसरा, वळणभर तोच.

गाडी काय झाली होती, बिल्कुल लोणी!

पण चालवणारे हे.

त्या गेममध्ये घाटातलं एक लांबच लांब वळण होतं. हे वाईकडचे, त्याला खंबाटकीच म्हणायचे. ते अख्खं एका ड्रिफ्टमध्ये काढायचं, एवढी एकच इच्छा.

वळणात शिरायचे झकास. हँडब्रेकचा एक झटका, शेपूट बाहेर. आता हातातल्या रिमोटवरचं गॅसचं, म्हणजे वेगाचं, बटण दाबूनच ठेवायचं, मग पुढची चाकं गाडीला ओढून नेतात.

आणि नेमकं तिथे यांचं बोट उचललं जायचं.

बोट उचललं की गाडी पकड घेते, सरळ होते, आणि समोर कठडा. धाड!

"आबा, गॅस सोडू नका!"

"अगं, आपोआप सुटतो."

मी म्हणायचे, "अहो, मागे साहेब नाहीत! कुणाचा चहा सांडणार आहे?"

अर्ध्या वळणाच्या पुढे हे कधी गेले नाहीत.

एकदा मी म्हटलं, बघू तर. मी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नाही. गॅस दाबला तो दाबलाच. पाऊण वळण गेले! मग हसू आलं आणि धडकले.

यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. हसू नका, खरंच.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "तुला सोपं आहे. तू कधी कुणाला मागे बसवून गाडी चालवली नाहीस."

खरंच होतं ते.

आज सई नोएडाहून आली. नैवेद्य झाला, मग तिने माळ्यावरून ते जुनं मशीन काढलं. आबांची गाडी एकदा बघायची होती तिला.

मशीन सुरू झालं. गाडी नव्हती. आतली मेमरी उडाली होती म्हणे, सगळं पुसलं गेलं.

सई रडायला लागली. एवढी मोठी मॅनेजर, पदराला नाक पुसतेय. माझ्या.

"आजी, आबांची गाडी गेली गं."

"जाते कुठे? लाव तीच गाडी. मी सांगते."

अठरा. माझं लग्न झालं ते वय.

ब्याऐंशी. आमच्या क्वार्टरचा नंबर.

पंच्याण्णव. सासूबाई गेल्या ते वय, आणि शेवटपर्यंत तशाच घट्ट.

हवेचेही आकडे सांगितले. सई बघतच राहिली.

"चालव आता," म्हटलं. ती म्हणाली, "नाही आजी. तू."

खंबाटकी आली. झटका दिला. शेपूट बाहेर.

आणि खरं सांगते, अर्ध्या वळणावर माझं बोट हललं. पहिल्यांदाच. कारण आज मागे कुणीतरी बसलंय असं वाटलं.

अहो, तेव्हा कळलं, तुमचं बोट का उचललं जायचं ते.

पण नाही उचललं.

अख्खं वळण काढलं हो! एका दमात, तिरकंच्या तिरकं! सई सोफ्यावर उभी राहून नाचली. खालच्या मजल्यावरून फोन आला, "आंटीजी, सब ठीक है ना?"

म्हटलं, "बिल्कुल ठीक!"

अहो, तुमची गाडी पार झाली. तुम्ही मागे निवांत बसा.

चहा सांडला नाही.

नमस्कार करते.