नको आणि नक्को

मेंदूविज्ञानाच्या वर्गात भाषेचे नुसते नकाशे बघून मी वैतागले आणि दर शनिवारी हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या वाचा-उपचार केंद्रात मदतीला जाऊ लागले. तिथे एक मराठी काका यायचे. त्यांचं अफझलगंजात कापडाचं दुकान होतं. पक्षाघातानंतर त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला होता, नकाराचा. तो मराठी की इथली दखनी उर्दू, या प्रश्नाने मला पछाडलं. पुस्तकात उत्तर नव्हतं. शेवटी त्यांच्यासोबत येणाऱ्या काकूंना विचारलं.

त्या हसल्या. "घरात नको म्हणायचे, गिऱ्हाइकाला नक्को. आता काय म्हणतात, तूच ऐक."

मी चहा पुढे केला.

"नक्को," काका म्हणाले.

तोच कप काकूंनी पुढे केला.

"नको."

दोन्ही भाषा शाबूत होत्या. मी मात्र अजून गिऱ्हाईकच होते.